गादीचा मान आणि चिवचिव वार्ता

या, असे पुढे सरका. तिथे दारापाशी चपलांवर लक्ष ठेवून बसलात तर गोष्टीत मन लागायचं नाही. पंखा त्या बाजूला आहे हे मलाही दिसतंय, पण गोष्ट या बाजूला आहे. फार वेळ घेणार नाही. विश्रांतवाडीच्या एका आजोबांनी दोन नातवंडांना नम्रता शिकवली, आणि त्यापायी सदतीस मुलं पेन्शनरांच्या रांगेत जाऊन बसली, ती ही कथा. यात देव आहे, पण तो बहुतेक वेळ तोंडावर हात धरून हसतो आहे.

तर सीताराम कुदळे. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली, कपाळाला बुक्का, खांद्याला कापडी पिशवी. कीर्तन म्हटलं की पाय आपोआप देवळाकडे वळणार. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात, म्हणून आपणही आबाच म्हणू. आबांची नात मैत्री तेरा वर्षांची, नातू आमोद दहा वर्षांचा, आणि हे दोघं दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता केबलवर 'चिवचिव वार्ता' सांगत. मुलांच्या बातम्या, मुलांनी सांगितलेल्या, वीस मिनिटं, थेट प्रक्षेपण. प्रक्षेपण कुठून, तर बजरंगशेठच्या पशुखाद्याच्या दुकानावरल्या खोलीतून. बजरंगशेठ मूळचे लोणी काळभोरचे. केबलचा धंदा त्यांचा, कॅमेरा त्यांचा आणि कॅमेऱ्यामागचा डोळाही त्यांचाच. सरकी पेंडेचा वास पडद्यावर दिसत नाही, म्हणून खोली उत्तम होती.

आठवड्याचे सहा दिवस ही नातवंडं आबांच्या वाट्याला येत नसत. एकाच्या कानात ते यंत्र, दुसरीच्या खोलीचं दार बंद. पण शुक्रवारी त्यांना नेणं-आणणं आबांकडे होतं. येताना तिघं चालत येत, कोपऱ्यावर भेळ खात, आणि त्या चालण्यात दोघंही आबांशी बोलत. म्हणजे खरं तर एकमेकांच्या तक्रारी सांगत. पण सांगत आबांना.

तक्रार पहिल्या शुक्रवारपासूनच होती. 'नमस्कार' कुणी म्हणायचं? मैत्री मोठी, म्हणून ती म्हणाली. मग 'पाहत राहा' आमोदला दिलं. आमोदने घरी येऊन मोजलं, तर ताईच्या वाट्याला दोनशे बारा शब्द आणि त्याच्या वाट्याला एकशे सत्त्याऐंशी. आबांनी न्यायाने वागायचं ठरवलं. पुढच्या शुक्रवारी एक वाक्य तिचं, एक याचं. मैत्रीने आपली वाक्यं इतकी लांबवली की पूर्णविराम शोधायला आमोदला उभं राहावं लागलं. मग आबांनी प्रसाद वाटावा तशी बातमी वाटली. एक शब्द तिला, एक याला.

"धानोरीच्या," मैत्री म्हणाली.

"बागेत," आमोद म्हणाला.

"काल."

"एक."

"मोर."

"मोर माझा होता," आमोद म्हणाला. "आबा, मोर मला द्यायचा ठरला होता."

पुढली चार मिनिटं विश्रांतवाडीने मोर कुणाचा यावरचा वाद पाहिला. मोराचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

सल्ला द्यायला शेजार होताच. तळमजल्यावरच्या ललिताबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शाळेतून त्या निवृत्त झाल्या, मुख्याध्यापकपणातून नाही. जिन्यात आबांना गाठून म्हणाल्या, "अहो कुदळे, दोन तोंडांना एक बातमी पुरत नसेल तर दोन बातम्या शोधा. विश्रांतवाडी काही इतकी लहान नाही." आबांनी दोन बातम्या शोधल्या. तेव्हा आधी कोणती, यावरून भांडण झालं. मग चाकांच्या खुर्चीवरून झालं. बजरंगशेठकडे चाकांची खुर्ची एकच होती. त्या शुक्रवारी एक निवेदिका हसतमुखाने डावीकडून आत आली आणि त्याच वेगाने उजवीकडून बाहेर गेली. तिच्यामागून पडद्यावर आमोदचा नुसता पाय दिसला.

"आबा," बजरंगशेठ म्हणाले, "ह्ये काय खरं न्हाई. लोक मला इचारत्यात, बातम्या हाय का कुस्ती हाय."

पण खरा दणका घरी बसला. सून तनुजा हिंजवडीहून दमून आलेली. तिने पर्स खाली ठेवली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, अजून एक शुक्रवार देते. परत भांडली तर शो बंद. मैत्री कोडिंगच्या क्लासला जाईल, आमोद अबॅकसला. दोन्ही क्लासला गाडी घरापासून येते."

गाडी घरापासून येते. म्हणजे न्यायला नको, आणायला नको. 'आणि मी?' असं आबांच्या ओठांवर आलं होतं. पण सासऱ्याने सुनेला विचारायचा हा प्रश्न नव्हे. त्यांनी कापडी पिशवी उगाचच झटकली आणि खुंटीला लावली.

आता ऐका, चूक कशी झाली ती. चूक देवळात सुरू झाली, म्हणून तिला थोडा मान द्यायला हवा.

सोमवारी महादेवाच्या देवळात कीर्तन होतं. कीर्तनकार बाविशीतला मुलगा, मिसरूड जेमतेम फुटलेली, पण गळा असा की समईची ज्योत ताठ उभी राहावी. त्याचे गुरू आप्पासाहेब, वय सत्तरीपलीकडचं, श्रोत्यांत पहिल्या ओळीत बसलेले. कीर्तन संपलं. आणि आप्पासाहेब गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले, पुढे झाले आणि आपल्याच शिष्याच्या पायांवर डोकं ठेवलं. कारण तो तेव्हा त्यांचा शिष्य नव्हता. तो नारदाच्या गादीवर उभा होता, आणि त्या गादीवर जो उभा, त्याला सगळ्यांनी वाकायचं, मग तो कालचा पोर का असेना. पोरगा संकोचला आणि उलट गुरूंच्या पायांवर वाकला. आबांचे डोळे भरून आले. ते रडले म्हटलं तरी चालेल. असं दृश्य पाहून ज्याला रडू येत नाही, त्याने कीर्तनाला न येता सरळ बँकेत जावं.

घरी येऊन आबांनी दोन्ही नातवंडांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. "तुमचं ते टेबल म्हणजे गादी समजा. गादीवर जो बसेल त्याला दुसऱ्याने नमस्कार करायचा. आणि बसणाऱ्यानेही उलट वाकायचं." इथवर ठीक होतं. इथे थांबले असते तर ही कथा झालीच नसती. पण मुलं जरा कंटाळलेली दिसली, म्हणून आबांनी पदरचं एक वाक्य जोडलं. "लक्षात ठेवा, जो जास्त वाकतो तो मोठा."

दोघांचेही डोळे चमकले. आबांना वाटलं, भक्ती उगवली. भक्ती कसली, नवीन स्पर्धा लागली होती.

मंगळवारी सकाळी घरात शेवटची पोळी कुणी घेईना. "तू घे," "नाही, तू घे, मी लहान आहे," "लहानाचाच पहिला मान," असं करत ती पोळी संध्याकाळपर्यंत ताटलीत कडक झाली. बुधवारी न्हाणीघरात आधी कुणी जायचं यावर इतकी नम्रता झाली की शाळेची बस निघून गेली. गुरुवारीही गेली. मैत्रीने आमोदच्या बुटांची नाडी बांधली. आमोदने तिचं दप्तर उचललं. तिने त्याचं उचललं. दोघं एकमेकांचं दप्तर घेऊन शाळेत गेली आणि सातवीच्या वर्गात चौथीचं पाढ्यांचं पुस्तक निघालं. तनुजाने आबांना बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, यांना काही दिलंत का? आयुर्वेदिक वगैरे?"

"संस्कार," आबा म्हणाले. त्या दिवशी त्यांची मान नेहमीपेक्षा दोन बोटं उंच होती.

शुक्रवार आला. त्या शुक्रवारी एक बातमी महत्त्वाची होती. बजरंगशेठने दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवली होती. प्रेक्षक वाढावेत म्हणून त्यांनी एक शक्कल काढली होती. स्पर्धेची जागा आधी जाहीर करायची नाही, ती चिवचिव वार्तेतच सांगायची. मुलं धरून चालली होती की दरवर्षीसारखी शाळेतच असेल. पण यंदा शाळेचं सभागृह दुसऱ्या कुणाला दिलं होतं, म्हणून स्पर्धा मागच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयात हलवली होती. हे सगळं एका कागदावर लिहून मैत्रीच्या हातात दिलेलं होतं.

सहा वाजले. तांबडा दिवा लागला. टेबलामागे दोन खुर्च्या, एक चाकांची, एक साधी, आणि दोन्ही रिकाम्या.

"बस ना ताई," आमोद म्हणाला. "गादी तुझी."

"तू बस. मी नमस्कार करते," मैत्री म्हणाली आणि वाकली.

ती वाकली तसा पडद्यावरून तिचा चेहरा गेला. तिच्यापेक्षा कमी वाकणं आमोदला परवडणार नव्हतं. त्याने साष्टांग घातला. पडद्यावरून तोही गेला. मग मैत्री उठून पाहते तर भाऊ जमिनीवर, म्हणजे नम्रतेत तिच्या दीड हात खाली. तिनेही लोटांगण घातलं. बजरंगशेठने कॅमेरा खाली वळवायचा प्रयत्न केला, पण तो वळायच्या आत दोघं उठत आणि कॅमेरा वर यायच्या आत पुन्हा आडवी होत. मधूनच एक डोकं टेबलावर उगवे, "आधी तू" म्हणे आणि मावळे.

आबांचा फोन वाजला. ललिताबाई होत्या.

"कुदळे, मघापासून टेबल दिसतंय. छान आहे टेबल. सागवानी का?"

"दोघं नमस्कार करतायत हो," आबा कुजबुजले.

"करू देत की. आटोपले की बातम्याही सांगा म्हणावं. घाई नाही, मी रिटायर्डच आहे."

वीस मिनिटं संपली. तांबडा दिवा विझला. मैत्रीच्या हातातला कागद चुरगळून ओला झाला होता. तो कुणी वाचला नव्हता.

"एकच बातमी व्हती आबा," बजरंगशेठ म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुखवट्याचा होता. "आन् तीच ऱ्हायली."

त्यांनी लगेच पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. पण तोवर ग्रुपवर सत्तर निरोप येऊन पडले होते. हा कार्यक्रम संस्कारांचा होता की योगासनांचा, यावर दोन तट पडले होते आणि एका गृहस्थांनी साष्टांग नमस्काराचे लाभ सविस्तर टाकले होते. त्या गर्दीत मंगल कार्यालय बुडालं.

घरी तनुजाने निकाल दिला. "भांडली नाहीत, हे खरं आहे, बाबा. पण हा शो नाही. पुढच्या शुक्रवारपासून क्लास. आणि उद्या सकाळी तुम्ही तिघं शाळेत जा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला जागा सांगा." रात्री जेवताना आबांनी दुसरी पोळी नको म्हटलं, आणि ते नम्रतेतून नव्हतं.

शनिवारी तिघं नऊला शाळेत पोहोचले, तर उशीर झालेला. शाळेचं सभागृह ज्यांना दिलं होतं ती पेन्शनरांची संघटना होती. नोव्हेंबर महिना, म्हणजे हयातीच्या दाखल्याचे दिवस. आपण अजून जिवंत आहोत हे दरवर्षी कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि त्याचं शिबिर होतं. दारावरचा माणूस येईल त्याला टोकन देत होता. चित्रकलेची मुलं साडेआठलाच येऊन थडकली होती. पालकांना वाटलं, नावनोंदणी चालू आहे. चाळीसातली सदतीस टोकनं मुलांनी नेली. अडतिसावं दारावरच्या माणसाने नाव लिहून घेऊन आबांच्या हातात ठेवलं, कारण आबांचं वय त्याला पटलं.

आत काय चाललं होतं म्हणून सांगू? टेबलाशी अक्षता नावाची एक तरुण मुलगी माईक घेऊन बसली होती आणि ती नियमाची इतकी पक्की होती की देवही टोकनाशिवाय आला असता तर बाहेर थांबला असता.

"टोकन चार."

एक सात वर्षांचा मुलगा खडूंची पेटी घेऊन पुढे झाला.

"निवृत्ती कधीची?"

"मी दुसरीत आहे."

"खात्याचं नाव?"

"ब तुकडी."

अक्षताने ते लिहून घेतलं. पुढचा रकाना काय भरावा याचा ती प्रामाणिकपणे विचार करू लागली. भिंतीलगतच्या बाकांवर टोकन न मिळालेले खरे पेन्शनर बसले होते. काही संतापले होते, काही झोपले होते, आणि एका आजोबांना कुणा पालकाने स्वयंसेवक समजून कोरा कागद दिला होता. ते मन लावून सीताफळ काढत होते. छान काढत होते.

आबा पालकांना सांगू लागले, "अहो, स्पर्धा इथे नाही."

"काका, रांगेत मागे या," एक बाई म्हणाल्या.

"मी रांगेत घुसत नाही, मी सांगतोय..."

"सगळे असंच सांगतात."

आबांना जन्मात कुणी रांग मोडणारा म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. पावणेदहा झाले. सदतीस मुलं चुकीच्या जागी, बक्षिसं योग्य जागी, आणि मध्ये एक गल्ली. ते दोन्ही नातवंडांना घेऊन टेबलाशी गेले. "पोरी, एक मिनिट माईक दे. ही मुलं बातमी सांगतील."

"माईक टोकन पुकारायला आहे," अक्षता म्हणाली. मग तिने दुसरीतल्या पेन्शनराकडे पाहिलं आणि माईक पुढे सरकवला. "एकच मिनिट."

आता मला सांगा, काय झालं असेल?

"ताई, तू सांग," आमोद माईकमध्ये म्हणाला.

"तू सांग. मान तुझा," मैत्री म्हणाली.

"तू मोठी."

"तू लहान."

सभागृह थबकलं. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकलं. आबांनी डोळे मिटून घेतले. महादेवा, म्हणाले, मी शिकवलं ते तू परत घे. आणि महादेवाने ऐकलं, असं मी तरी मानतो. कारण त्याच क्षणी दोघंही एकाच वेळी, एकमेकांपेक्षा जास्त, वाकली. टाळक्यावर टाळकं आपटलं. माईकमधून नारळ फुटल्यासारखा आवाज सगळ्या शाळेत गेला.

"आंधळी आहेस का?" आमोद ओरडला.

"तू मध्ये आलास," मैत्री कपाळ चोळत म्हणाली. "काल पण मध्येच लोळत होतास. तुझ्यामुळे बातमी राहिली."

"माझ्यामुळे? कागद तुझ्या हातात होता. स्पर्धा शाळेत नाही, मंगल कार्यालयात आहे, हे तू सांगायचं होतंस."

"आणि मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीसमोर, हे तुझं वाक्य होतं. दहा वाजता दार बंद होणार हे पण तुझं."

"दहा वाजता माझं नव्हतंच. माझं होतं, रंग आपापले आणायचे आणि कागद तिथे मिळेल."

"विषय पण तूच सांगायचा होता, 'माझं आवडतं फळ'."

"तो काय, ते आजोबा काढतायत ना."

एक शब्द कुणी गाळला नाही. आबांनी सहा आठवडे बातमी समसमान वाटायचा खटाटोप केला होता. आत्ता ती तंतोतंत निम्मी निम्मी वाटली गेली होती आणि सदतीस पालक कान टवकारून ऐकत होते. पुण्यात घोषणा कुणी ऐकत नाही, पण दुसऱ्याच्या घरचं भांडण अर्धवट सोडून कुणी जात नाही. ते पुरतं ऐकून झाल्यावर सगळ्यांना एकदम उमगलं. खुर्च्या सरकल्या, खडू सांडले, टोकनं टेबलावर पडली आणि मुलं दाराकडे धावली. दुसरीतला पेन्शनर सगळ्यांत पुढे. सीताफळवाले आजोबाही निघाले होते, त्यांना अक्षताने बसवलं.

दारात तनुजा उभी होती. शाळेत दाखल्याचं शिबिर आहे हे तिला ललिताबाईंकडून कळलं होतं, म्हणून आबांचे पेन्शनचे कागद द्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आबा खाली मान घालून तिच्यासमोर उभे राहिले.

"परत भांडली," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस तसं."

तनुजाने ओठ घट्ट मिटले होते. त्या मिटलेल्या ओठांमागे काय चाललंय ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. "बाबा," शेवटी ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी यांना असंच भांडू द्या. कागदावरची बातमी निदान ऐकू तरी येते. क्लासला मी नाही म्हणून कळवते."

"म्हणजे न्यायचं-आणायचं..."

"तुम्हीच," तनुजा म्हणाली आणि कागदांची पिशवी त्यांच्या हातात दिली.

तेवढ्यात माईक खरखरला. "टोकन अडतीस. सीताराम कुदळे." सदतीस जण उठून गेल्यावर आबांचा नंबर पहिलाच लागला होता. आणि त्याच वेळी फाटकाबाहेरून दोन आवाज आले.

"आबा, लवकर चला, ही सांगतेय की मंगल कार्यालय ही तिची बातमी होती."

"आबा, तुम्ही सांगा त्याला, तुम्ही ऐकलंय ना."

आबांनी एकदा टेबलाकडे पाहिलं. तिथे शिक्का होता, शाई होती आणि ते जिवंत असल्याचं लिहून द्यायला तयार असलेली मुलगी होती. एकदा त्यांनी फाटकाकडे पाहिलं. मग कागदांची पिशवी परत सुनेच्या हातात दिली.

"बाबा, दाखला?"

"पुढच्या शनिवारी आहे ना परत शिबिर. तोवर असेन मी," आबा म्हणाले आणि या वयात कुणी पळू नये तसे पळाले.

"टोकन अडतीस गैरहजर," अक्षताने पुकारलं आणि तसं लिहूनही घेतलं.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. उठायच्या आधी एक मागणं आहे. मध्ये एक आठवडा जायचा आहे आणि कागद काय म्हणेल ते सांगता येत नाही. कुणी तुम्हाला विचारलंच, तर तुम्ही आठवण ठेवा आणि साक्ष द्या. विश्रांतवाडीचे सीताराम कुदळे हयात आहेत. शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यावर भेळ खाताना दिसतात. दोन्ही बाजूंनी दोन मुलं एकदम बोलत असतात, आणि आबा दोघांनाही हो म्हणत असतात.